चक्क्याची तीन मिनिटं

अमेरिकेतल्या आमच्या राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, सुनावणीच्या खोलीत मायक्रोफोनशेजारी एक छोटा दिवा असतो. हिरवा लागला की बोलायचं, पिवळा लागला की आवरतं घ्यायचं आणि तांबडा लागला की वाक्य अर्धं राहिलं तरी थांबायचं. हिरव्यापासून तांबड्यापर्यंत तीन मिनिटं. बावीस वर्षं मी त्या दिव्यासमोर बसून दुसऱ्यांच्या दुकानांबद्दल बोलले. माझं स्वतःचं दुकान कधीच नव्हतं.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका म्हणाल्या, "मावशी, तुमचे ट्रेंटनचे किस्से लिहा ना, इतके फनी असतात." आहेत, एकदोन देते. पण त्यातला एक किस्सा फनी नाही, आणि तो एकदाचा लिहून टाकावा म्हणूनच मी त्यांना हो म्हटलं.

आधी कामाबद्दल सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलासुद्धा ते अजून कळलेलं नाही. आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या छोट्या दुकानदारांची एक संघटना आहे. किराणावाले, साडीवाले, मिठाईवाले, भाजीवाले. मी त्या संघटनेची सेक्रेटरी होते. लोकांना वाटतं, सरकार म्हणजे कायदा. कायद्यात चार ओळी असतात. दुकानदाराला काचतात ते नियम, आणि ते नंतर लिहिले जातात. फ्रिज किती थंड हवा, पाटी किती मोठी हवी, भाजीची खोकी फुटपाथवर किती इंच पुढे आलेली चालतात. नियम करण्याआधी सरकार नोटीस काढतं, लेखी म्हणणं मागवतं, मग सुनावणी ठेवतं. सुनावणीला कोणीही जाऊन बोलू शकतं. फक्त ती मंगळवारी सकाळी दहाला असते, आणि ज्याचं दुकान आहे तो मंगळवारी सकाळी दहाला गल्ल्यावर असतो. मोठ्या कंपन्या या कामाला पगारी माणूस ठेवतात. आमच्या दुकानदारांनी मला ठेवलं होतं.

नागपूरला मी वकिलीची परीक्षा पास झाले होते. इथे येऊन त्या पदवीचा उपयोग भिंतीवर लावण्यापुरता उरला. त्यामुळे 'ऑन बिहाफ ऑफ' म्हणून माझं नाव पुकारलं जायचं, तेव्हा मी जरा ताठ बसायची. ती तीन मिनिटं म्हणजे माझं कोर्ट होतं.

दुसरी गोष्टही आधीच सांगते. मला मत्सर फार लवकर होतो. लहानपणी धाकट्या बहिणीच्या अक्षराचा व्हायचा, तो अजून होतो. या नोकरीत पहिली दहा वर्षं मी एका राखाडी सुटातल्या गृहस्थाचा मत्सर केला. ते सुपरमार्केटवाल्यांचे माणूस. सुनावणीला यायचे, मागच्या खुर्चीत बसायचे आणि तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. तरी नियम त्यांना हवा तसाच निघायचा. कारण त्यांना जे बोलायचं ते महिनाभर आधी, कोणाच्या तरी ऑफिसात बसून बोलून झालेलं असायचं. आपली म्हण आहे, बोलणाऱ्याची बोरं खपतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात. ट्रेंटनला या गृहस्थांचे आंबे न बोलता खपायचे आणि मी घसा फोडून बोरं विकायची.

इथे एका कागदाबद्दल सांगायला हवं. सुनावणीच्या खोलीबाहेर टेबलावर छोट्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. नाव लिहायचं, गाव लिहायचं, नियमाच्या बाजूने की विरोधात ते लिहायचं. खाली दोन चौकोन असतात. पहिला, बोलायचं आहे. दुसरा, बोलायचं नाही, फक्त नोंद घ्या. दुसऱ्या चौकोनात खूण असलेल्या चिठ्ठ्या अध्यक्ष मोठ्याने वाचून दाखवतात, "अमुक तमुक, इन अपोझिशन, नो नीड टू टेस्टिफाय," आणि बाजूला ठेवतात. राखाडी सुटातले गृहस्थ नेहमी दुसऱ्या चौकोनात खूण करायचे. आमचे दुकानदारही बहुधा त्याच चौकोनातले. फरक एवढाच की त्यांना बोलायची गरज नसायची आणि यांना बोलायची भीती वाटायची.

सरकारी कागद म्हटला की आमच्या लोकांच्या हाताला घाम सुटतो. नोटीस आली की ती न उघडता माझ्याकडे आणून देणारे तीन जण होते. म्हणून आमच्यात रीतच पडली होती. आयसेलिनहून निघालेल्या बसमध्ये मी मांडीवर पॅड घ्यायची आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या भरायची. ते फक्त सही करायचे. "ताई भरतील" हे आमच्या संघटनेचं ब्रीदवाक्यच होतं म्हणा ना.

आता एक फनी किस्सा. आमचे एक मिठाईवाले काका, फार भला माणूस. दुकानाबाहेर बाक ठेवायला परवानगी मिळावी म्हणून आम्ही एका आमदारबाईंना भेटायला गेलो, तर काकांनी जाताना दोन किलो पेढे नेले. रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नाही, हे त्यांच्या रक्तात. ऑफिसातल्या मुलीचा चेहरा उतरला. तिने डबा उघडला नाही, हात लावला नाही, भेटवस्तूंच्या नोंदीचा एक फॉर्म काढला आणि विचारलं, "व्हॉट इज द व्हॅल्यू?" काका म्हणाले, "नो व्हॅल्यू, ओन्ली लव्ह." डबा परत मिळाला, बाकाची परवानगी मिळाली नाही, आणि परतीच्या बसमध्ये आम्ही पेढे संपवले.

आता प्रमिला.

प्रमिला इस्लामपूरची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तिच्या नवऱ्याची पाठ वेअरहाऊसमधल्या कामाने गेली, तेव्हा तिने रस्त्याच्या पार टोकाला एक चिंचोळं दुकान घेतलं. पुढे दोन फ्रिज, मागे स्वयंपाकघर. पोळ्या, भाकरी, थालीपिठाची भाजणी. आणि श्रीखंड. पोळी-भाकरीवर दुकान तगायचं आणि श्रीखंडावर घर चालायचं. पाडव्याला आणि दसऱ्याला ओहायोतल्या डब्लिनहून लोक नऊ-नऊ तास ड्राइव्ह करून नातेवाइकांकडे यायचे आणि जाताना तिचं श्रीखंड आइसबॉक्समध्ये घालून ओहायोला न्यायचे.

एकदा हेल्थ इन्स्पेक्टर आली. सहा फूट उंच, न हसणारी बाई. तिने मागच्या खोलीत पाहिलं तर सिंकवर हुकांना सात पांढरी गाठोडी टांगलेली आणि त्यांतून पाणी ठिबकतंय. दही, कापडात, आणि तेही फ्रिजच्या बाहेर. नियमाप्रमाणे दुधाचा पदार्थ एक्केचाळीस डिग्री फॅरनहाइटच्या आत, म्हणजे फ्रिजइतका थंड ठेवायचा, आणि आपला चक्का तर बाहेर टांगून आंबट व्हायला लागतो. तिने सातही गाठोडी फेकायला लावली आणि नोटीस लिहिली. ती तिचं काम करत होती, तिला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

त्या बाईशी माझी आठ वर्षांची ओळख. माझ्या ऑफिसात ती कधी बसली नाही, उभ्याउभ्या बोलून जायची. प्रमिलाच्या दुकानात मात्र ती स्टूल ओढून चाळीस मिनिटं बसली. दही का टांगतात, किती वेळ टांगतात, कापड कसं उकळतात, सगळं विचारून घेतलं, आणि जाताना म्हणाली की नियम माझ्या हातात नाही, पण त्याची फेरतपासणी येते आहे, ट्रेंटनला जाऊन हे असंच सांग. प्रमिलाने हे मला दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं.

"बसली? स्टुलावर?" मी विचारलं.

"बसली की. पाय दुखत असतील बिचारीचे," प्रमिला म्हणाली.

माझ्या पोटात तेव्हाच पहिल्यांदा दुखलं.

मी कामाला लागले. आंबट दह्यात जंतू वाढत नाहीत, याचं शास्त्र आहे. ते सगळं जमवून मी चौदा पानांचं लेखी म्हणणं तयार केलं. तळटीपांसकट. मग सुनावणीच्या आधीच्या रविवारी संघटनेच्या खोलीत रंगीत तालीम ठेवली. ज्यांना बोलायचं त्यांनी घड्याळ लावून तीन मिनिटं बोलून दाखवायचं. दोघे बोलले, दोघेही घाबरले आणि नाव मागे घेतलं. मग प्रमिला उठली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं एक पांढरं फडकं होतं.

तिचं इंग्रजी मला ठाऊक होतं, म्हणून मी निर्धास्त होते. ती म्हणाली, "धिस क्लॉथ, आय बॉइल. ट्वेंटी मिनिट्स. माय मदर बॉइल, हर मदर बॉइल. यू कम माय शॉप, यू सी माय प्लेट, यू सी माय क्लॉथ. क्लॉथ इज मोअर क्लीन." मग तिने फडक्याची घडी उलगडली आणि नुसत्या हातांनी, हवेत, दही बांधून दाखवलं. चार टोकं उचलायची, पिळा द्यायचा, गाठ मारायची, टांगायचं. "वॉटर गो. सोअर कम. वेट इज डुइंग वर्क. आय ॲम नॉट डुइंग."

खोलीत टाळ्या वाजल्या. माझ्या चौदा पानांना, तोवर लिहिलेल्या कुठल्याच पानांना, कधी टाळ्या वाजलेल्या नव्हत्या. आमचे अध्यक्ष जयंतीभाई म्हणाले, "बेन, यार, इनको पहले बोलने दो. आप पीछे से टेक्निकल बोलो." मी म्हटलं, अर्थातच. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं की तिच्या क्रियापदांना काळच नाही. तो पेपर वाचत होता. म्हणाला, "पण कळतं ना सगळं?" त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

मंगळवारी बस निघाली. मी पॅड मांडीवर घेतलं आणि चिठ्ठ्या भरायला लागले. प्रमिला माझ्या शेजारीच होती, पिशवीतलं फडकं मांडीवर ठेवून, ओठ हलवत पाठ करत होती. मी तिचं नाव लिहिलं, आयसेलिन लिहिलं, विरोधात लिहिलं. मग चौकोन आले.

मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. बोलायचं नाही, फक्त नोंद घ्या.

बस हलली, हात चुकला, असं काही झालं नाही. बस सिग्नलला उभी होती. मी तिच्यापुढे पॅड धरलं आणि बोटाने जागा दाखवली. तिने न वाचता सही केली. ताई भरतील.

सुनावणीत अध्यक्षांनी चिठ्ठ्या वाचल्या. प्रमिलाचं नाव त्यांनी अडखळत उच्चारलं, "इन अपोझिशन, नो नीड टू टेस्टिफाय," आणि चिठ्ठी बाजूला ठेवली. नाव ऐकून ती उठायला लागली. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. ती पुन्हा बसली. मग माझं नाव आलं.

त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बोलले, हे अजूनही म्हणते. तांबडा दिवा लागायला चार सेकंद असताना शेवटचं वाक्य संपवलं. मग समितीतल्या एका सदस्याने, पांढऱ्या मिशांच्या सज्जन गृहस्थाने, विचारलं, "मॅडम, मला फक्त कापडाची अडचण वाटते. हेच स्टीलच्या चाळणीत, फ्रिजमध्ये ठेवून केलं तर तुमच्या लोकांना चालेल का?"

आता माझी आणखी एक गोष्ट ऐका. माझ्या घरी श्रीखंड होतं ते होलसेल क्लब नावाच्या घाऊक दुकानातल्या डब्याचं. घट्ट दही आणि सोअर क्रीम एकत्र करायचं, साखर, वेलची, केशर, झालं. अमेरिकेत आल्यापासून मी एकदाही फडक्यात दही बांधलं नव्हतं. चाळणीत चक्का होतो की नाही, याची मला सुतराम कल्पना नव्हती. उत्तर माहीत असलेली बाई माझ्या मागे, तिसऱ्या रांगेत, फडकं मांडीवर घेऊन बसली होती. मागे वळून विचारायला दोन सेकंद लागले असते. पण मग ती उठली असती, मायक्रोफोनशी आली असती, आणि तिने घडी उलगडली असती.

"ॲब्सोल्यूटली," मी म्हणाले. "दॅट इज परफेक्टली वर्केबल."

ते हसले. अध्यक्ष म्हणाले की इतकी समंजस साक्ष क्वचित ऐकायला मिळते. राखाडी सुटातले गृहस्थ बाहेर येऊन पहिल्यांदाच माझ्याशी हस्तांदोलन करून गेले.

कॉरिडॉरमध्ये प्रमिलाने विचारलं, "ताई, माझं नाव तर घेतलं त्यांनी. मग बोलवलं का नाही?"

"वेळ संपला असेल गं," मी म्हटलं.

"असू दे. तुम्ही छान बोललात," ती म्हणाली आणि पिशवी पर्समध्ये ठेवली.

नियम बदलला. चक्का करायला परवानगी मिळाली. मात्र कापड चालणार नाही, स्टीलची चाळणी हवी आणि सगळं फ्रिजमध्ये. संघटनेने जेवण दिलं. मला लाकडी ढाल मिळाली, तिच्यावर माझं नाव आणि 'छोट्या व्यापाऱ्यांचा आवाज' अशी अक्षरं. प्रमिलाने सगळ्यांसाठी श्रीखंड केलं होतं, कापडातलं, नियम लागू व्हायच्या आधीचं शेवटचं.

तीन महिन्यांनी तिचा फोन आला. "ताई, चाळणीत जमत नाही हो ते. पसरून बसतं नुसतं. वजन पडत नाही, पाणी उतरत नाही. फ्रिजमध्ये आंबत नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात पाणीच पाणी. लोक परत आणून देतात." मी म्हटलं, सवयीचा प्रश्न आहे, थोडे दिवस जाऊ देत.

फोन ठेवला आणि बाजारात जाऊन एक स्टीलची चाळणी आणली. दही घातलं, फ्रिजमध्ये ठेवलं, दोन दिवस वाट पाहिली. लापशी झाली. मग जुन्या सुती साडीचा तुकडा उकळून त्यात दही बांधलं आणि किचनच्या नळाला टांगलं. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली तर चक्का सुरीने कापावा असा निघाला. मी तो चमच्याने तसाच खाल्ला, साखर न घालता, आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

वर्षभरात प्रमिलाने दुकान सोडलं. मोठ्या कारखान्यांचं श्रीखंड तिच्याच शेजारच्या दुकानात डबाबंद मिळायला लागलं. त्यांच्याकडे आख्ख्या थंड खोल्या असतात, यंत्रं असतात. त्यांना माझ्या उत्तराने काहीच फरक पडला नाही, किंवा पडला तो त्यांच्या फायद्याचाच. ती पिस्कॅटवेला एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली. दिवाळीला ती मला चिवडा आणून द्यायची. दर वर्षी. तो चिवडाही माझ्यापेक्षा चांगला असायचा.

लोकांना वाटतं, अपराधी वाटायला लागलं की मत्सर जातो. माझा अनुभव वेगळा आहे. ती हसत चिवडा देऊन गेली की मला वाटायचं, हिला राग कसा येत नाही? आणि तिला राग येत नाही याचाही मला हेवा वाटायचा.

इथे नियमांना ठरावीक आयुष्य असतं. काही वर्षांनी ते पुन्हा मांडावे लागतात, पुन्हा सुनावणी होते. मी रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. "मावशी, तो डेअरीचा रूल परत आलाय. यू वेअर द एक्सपर्ट. प्लीज या ना, तुम्ही बोललात तर वेट येईल."

वेट इज डुइंग वर्क. मला तेच वाक्य आठवलं. मी प्रमिलाला फोन लावला. सुनावणीचं सांगितलं. माझी वाक्यं नीट लागत नव्हती. ती म्हणाली, "येते की. शाळेतून रजा काढते." एवढंच.

मी तिला पिस्कॅटवेहून घेतलं. गाडीत तिच्या मांडीवर पर्स होती. पर्समध्ये काय आहे ते मी विचारलं नाही.

खोलीबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या होत्या. सवयीने मी दोन उचलल्या आणि पेन काढलं. प्रमिलाने माझ्या हातातून एक घेतली.

"माझी मी भरते," ती म्हणाली.

टेबलावर वाकून, मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर सुटं सुटं लिहीत तिने नाव लिहिलं, गाव लिहिलं. पहिल्या चौकोनात ठळक खूण केली. मग माझ्याकडे हात केला. "तुमचीपण द्या इकडं."

"अगं, मी भरते ना."

"द्या ओ." तिने माझं नाव लिहिलं. आडनावात एक अक्षर चुकलं, ते खोडून नीट केलं. चौकोनांशी आल्यावर मान वर न करता म्हणाली, "मागल्या वेळी माझ्या चिठ्ठीवर तुम्ही खालच्यात खूण केली होती. बोलायचं नाही त्याच्यात."

मी टेबलावरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरळ केला.

"वाचून दाखवलं होतं की त्यांनी. नो नीड. एवढं इंग्लिश येतंय मला."

"मग तू तेव्हा..."

"तेव्हा वाईट वाटलं. मग म्हटलं, ताईंना भीती वाटली असेल, ही घोळ घालेल, सगळ्यांचं काम बिघडेल. बरोबरच होतं तुमचं. माझं इंग्लिश असलं." आणि तिने माझ्या चिठ्ठीवर पहिल्या चौकोनात खूण केली. बोलायचं आहे. "तुम्ही बोला. तुम्हाला आवडतं बोलायला."

तिथे मला खरं सांगता आलं असतं. कॉरिडॉर रिकामा होता. मी म्हटलं, "चल, सुरू होईल."

तिचं नाव आधी आलं. अध्यक्ष नवीन होत्या. प्रमिलाने पर्समधून तीच प्लॅस्टिकची पिशवी काढली, फडकं काढलं, उलगडलं. इंग्रजी होतं तसंच होतं. क्रियापदांना अजूनही काळ नव्हता. तिने हवेत दही बांधलं, गाठ मारली, टांगलं, आणि समितीतली सात माणसं त्या नसलेल्या गाठोड्याकडे बघत राहिली. पिवळा दिवा लागला तशी ती थांबली आणि विचारलं, "यलो मीन्स हरी?" अध्यक्ष हसल्या, म्हणाल्या, नो मॅम, टेक युअर टाइम. टेक युअर टाइम. बावीस वर्षांत मला हे कोणी म्हणालं नाही. माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला लिहू, त्या क्षणीसुद्धा दुखलं.

मग माझं नाव आलं. हिरवा दिवा लागला. घरून मी दोन पानं लिहून आणली होती, ती पर्समध्येच राहिली. मी म्हणाले, "मागच्या वेळी याच खोलीत मला विचारलं होतं की चाळणीत आणि फ्रिजमध्ये चक्का होईल का. मी हो म्हणाले. तोवर मी अमेरिकेत एकदाही चक्का बांधला नव्हता. आत्ता बोलल्या त्यांना उत्तर माहीत होतं, पण मी त्यांना विचारलं नाही. नंतर मी घरी करून पाहिलं. त्यांचं बरोबर आहे. माझं चूक होतं." दिवा हिरवाच होता. उरलेला वेळ मी परत केला.

या वेळी नियम बरा निघाला. उकळलेलं कापड चालतं, किती तास टांगायचं ते ठरवून दिलंय आणि आंबटपणा मोजायला एक कागदाची पट्टी बुडवायची. प्रमिला आता शनिवार-रविवार एका भाड्याच्या स्वयंपाकघरात चक्का टांगते. ओक ट्री रोडवर कोणी विचारलं, नियम कोणी बदलून आणला, तर लोक तिचं नाव सांगतात. ते ऐकून घरी आले की मी ती लाकडी ढाल पुसते आणि परत भिंतीकडे तोंड करून ठेवते.

चिठ्ठीतल्या खुणेबद्दल मात्र समितीपुढे मी बोलले नाही. ती चूक नव्हती, म्हणून चूक म्हणून सांगता आली नाही. प्रमिला दर दिवाळीला हा अंक विकत घेते आणि पहिल्या पानापासून वाचते, म्हणून इथे लिहिते. प्रमिला, तू घोळ घालशील अशी मला भीती नव्हती. तू घोळ घालणार नाहीस, अशी होती.